लोकांचा पाठिंबा म्हणजे कुणाचा?



आजच्या पत्रिकेवर विषय छापला आहे तो असा: शहराच्या मध्यभागातल्या मोटारी कमी करणे आणि त्याला लोकांचा पाठिंबा मिळवणे. रस्ते, सिग्नल, उड्डाणपूल यांबद्दल बोलायला इथं विष्णुपुरीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्यांनी बोलावं. आमचा उद्योग जन्मभर शब्द तपासण्याचा. म्हणून या विषयातला एकच शब्द आम्ही उचलणार आहोत, तो म्हणजे 'पाठिंबा'. गेल्या वीस वर्षांत महाराष्ट्रातल्या शहरांत या बाबतीत जे जे अडलं, ते केवळ पैशावाचून किंवा तंत्रावाचून अडलं असं आम्हाला दिसत नाही. ते बहुतेक वेळा 'लोकांचा पाठिंबा नाही' या तीन शब्दांपाशी येऊन अडलं.

हा शब्द जरा बघा. पाठिंबा म्हटलं की पाठ आली. पाठीशी उभं राहायचं तर पुढं कुणीतरी उभं असावं लागतं. आपल्याकडे चालतं उलटं. महापालिका म्हणते, लोकांनी आधी पुढं यावं, आम्ही मागून येतो. लोक म्हणतात, तुम्ही आधी करून दाखवा, मग बघू. दोघंही एकमेकांच्या मागं उभं राहायला तयार आहेत, आणि रस्त्यावर पुढं उभी आहे ती फोर व्हीलर, दुकानाच्या सावलीत, दुसऱ्या रांगेत.

'फोर व्हीलर' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. परदेशी पुस्तकांत या विषयाची चर्चा 'कार' या एका वस्तूभोवती फिरते. आपल्याकडे 'गाडी' म्हटलं की दुचाकी आधी आठवते, आणि वजिराबादेत किंवा शिवाजीनगरात संध्याकाळी जी दाटी होते तिच्यात दुचाकी आणि ऑटो यांची संख्या मोठी असते. तेव्हा तिकडचा उपाय जसाच्या तसा इकडे लावणं बरोबर नाही, हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. पण चारचाकीचा प्रश्न तिच्या संख्येइतकाच तिच्या उभं राहण्याचा आहे. एक मोटार उभी करायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात. साडेबारा चौरस मीटर झाले, म्हणजे जवळपास एकशे पस्तीस चौरस फूट. दहा बाय दहाच्या खोलीत विद्यार्थी राहतात, इथं आसपास किती राहतात ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या खोलीला भाडं आहे. तिच्याहून मोठी जागा शहराच्या सगळ्यांत महाग भागात मोटार दिवसभर वापरते आणि बहुतेक ठिकाणी एक रुपया देत नाही.

पुण्यानं हा रुपया मागून पाहिला. मार्च २०१८ मध्ये पुणे महापालिकेच्या मुख्य सभेनं पार्किंग धोरण मंजूर केलं. मूळ प्रस्ताव शहरभर, रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना शुल्क लावण्याचा होता. विरोध उसळला, आणि मंजूर होता होता ते धोरण प्रायोगिक तत्त्वावर पाच रस्त्यांपुरतं उरलं. पुढं त्या पाच रस्त्यांचीही सुरुवात लांबत गेली. कारण तेच सांगितलं जातं, की लोकांचा विरोध आहे. इथं आम्ही विचारतो, कोणते लोक? ज्याच्याकडे मोटार आहे तो विरोध करणार हे उघड आहे, त्याचं फुकट मिळणारं जाणार आहे. पण त्याच रस्त्यावर फुटपाथ नाही म्हणून गाड्यांच्या मधून वाट काढणारी बाई, तिला कुणी विचारलं होतं का? ती मोर्चा काढत नाही. तिच्या नावावर काही जात नाही, म्हणून तिचं नाव कुठल्या यादीत नसतं. तोटा ज्याच्या हाताला लागतो तो ओरडतो, आणि फायदा हजारांत वाटला गेला की कुणाच्याच तोंडून आवाज निघत नाही. या आवाजाला आपण जनमत म्हणत आलो.

आता हातगाडेवाल्याची गोष्ट घ्या. २०१४ साली संसदेनं पथविक्रेत्यांसाठी कायदा केला. त्यानुसार विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायचं, प्रमाणपत्र मिळायचं, नगर पथविक्रेता समिती बसायची, तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान चाळीस टक्के असायचे. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंतच विक्रेत्यांना सामावून घ्यायचं, अशी मर्यादाही त्यात आहे. आणि विक्रेत्यानं शुल्क भरायचं. कायदा चांगलाच आहे, आम्ही त्याच्या बाजूचे आहोत. पण त्यातला विचार बघा. केळीचा गाडा रस्त्यावर उभा करायचा तर मोजणी, ओळखपत्र, शुल्क आणि मर्यादा. त्याच्या शेजारी मोटार उभी करायची तर यांतलं काही नाही. शहरात मोटारी लोकसंख्येच्या अमुक टक्क्यांहून जास्त नसाव्यात, असा कायदा कुणी सुचवला तर त्याला वेडा ठरवतील. एकाच डांबरावर पोट भरणाऱ्यासाठी एक न्याय आणि खरेदीला आलेल्यासाठी दुसरा. बरं, केंद्र सरकारचं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण २००६ चं आहे. रस्त्याची जागा वाटताना वाहनापेक्षा माणूस केंद्रस्थानी धरावा, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. म्हणजे तत्त्व कागदावर येऊनही दोन दशकं होत आली.

पुण्याचंच दुसरं उदाहरण जास्त गोड आहे, आणि म्हणून त्याच्यावर टीका करणं जास्त गरजेचं आहे. ११ डिसेंबर हा 'पादचारी दिन' म्हणून पाळायला पुणे महापालिकेनं २०२१ पासून सुरुवात केली. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा, नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंतचा, वाहनांना बंद ठेवला. लोक चालले, मुलं खेळली, छायाचित्रं छान आली. कुणी म्हणेल, चांगल्याची सुरुवात आहे, म्हातारबुवा यात खोट कशाला काढता? आम्ही खोट काढतो ती अशी. वर्षात एक दिवस पायी चालणाऱ्याचा असेल, तर उरलेले तीनशे चौसष्ट कुणाचे हेही त्यात आपण नकळत मान्य करून टाकतो. बैलपोळ्याला आपण बैलाला ओवाळतो, पुरणपोळी खाऊ घालतो, आणि दुसऱ्या दिवशी जू त्याच्या मानेवर असतंच. पादचाऱ्याचा पोळा झाला एवढंच.

शिवाय हाच लक्ष्मी रस्ता गणपती विसर्जनाला अखंड एक दिवस, कधी त्याहून जास्त, बंद असतो. पालख्या पुण्यात येतात तेव्हा शहरभर रस्ते वळवतात. आपल्या नांदेडात दसऱ्याला आणि होळीला हल्लाबोल मिरवणूक निघते, तेव्हा गाडी घरी ठेवायची हे पोराबाळांना माहीत असतं. तेव्हा कुणी सर्वेक्षण करतं का, तुमचा पाठिंबा आहे का म्हणून? दुकानदार स्वतः पाण्याची पिंपं भरून ठेवतो, सरबत वाटतो. म्हणजे रस्ता बंद होण्याला आपल्या समाजाचा विरोध नाही. रस्ता कशासाठी बंद झाला, यावर आपलं मत ठरतं. देवासाठी, गुरूसाठी, पुढाऱ्याच्या ताफ्यासाठी बंद होतो ते आपल्याला समजतं. कुणी म्हातारा दवाखान्यात चालत जाणार आहे म्हणून रस्ता बंद ठेवणं हे कारण आपल्या मनात अजून कारण म्हणून उभं राहिलेलं नाही. प्रश्न वाहतुकीचा असण्याआधी मूल्याचा आहे तो इथं.

आता तत्त्वज्ञानाकडे थोडं वळू. कुरुंदकर गुरुजींच्या गावात श्रोत्यांना तत्त्वज्ञानाचं भय नाही, हे आम्ही गृहीत धरतो. रूसोनं १७६२ च्या ग्रंथात एक भेद केला आहे. सर्वांच्या इच्छा ही एक गोष्ट, आणि सामूहिक ईहा ही दुसरी. प्रत्येकानं आपापल्या सोयीचं मागायचं आणि त्याची बेरीज करायची, ही झाली सर्वांच्या इच्छा. आपण सगळे मिळून कसं राहावं याचा विचार करून जे ठरेल, ती सामूहिक ईहा. पार्किंगबद्दल दारोदार जाऊन विचारलं तर मिळते ती पहिली. माझ्या दारात जागा हवी, शेजाऱ्याच्या नको. या उत्तरांची बेरीज केली तर शहर उभं राहत नाही, वाहनतळ उभा राहतो.

पण रूसो धोक्याचा आहे, हेही सांगायला हवं. तुम्हाला खरं काय हवं ते तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं, असं म्हणणारा प्रत्येक हुकूमशहा त्याचाच आधार घेतो. 'आधी लादू, मग लोक आभार मानतील' हे वाक्य पुलाच्या, धरणाच्या, विस्थापनाच्या प्रत्येक प्रसंगी ऐकू आलं आहे. मराठवाड्यातल्या माणसाला ते ऐकवू नये. तेव्हा पेच असा पडतो, की आधी विचारलं तर लोक नाही म्हणतात, कारण अनुभव नाही. आणि न विचारता केलं तर ती जुलमाची वाट.

या पेचातून स्टॉकहोम शहरानं काढलेला मार्ग आम्हाला विचार करण्यासारखा वाटतो. तिथं मध्यभागात येणाऱ्या मोटारींवर शुल्क लावायचं ठरलं तेव्हा बहुमत विरोधात होतं. त्यांनी ३ जानेवारी २००६ ला शुल्क सुरू केलं आणि ३१ जुलैला बंद केलं. ही बंद होण्याची तारीख आधीच जाहीर होती. वाहतूक साधारण पाचव्या हिश्शानं कमी झाली होती. शुल्क थांबलं, गाड्या परत वाढल्या, त्याही लोकांनी पाहिल्या. मग १७ सप्टेंबरला मतदान घेतलं. शहरात सुमारे ५३ टक्के लोकांनी शुल्क हवं म्हणून मत दिलं. २००७ च्या ऑगस्टपासून ते कायम झालं, आणि पुढच्या वर्षांत पाठिंबा आणखी वाढला. याच्या उलट एडिनबरा. तिथं फेब्रुवारी २००५ मध्ये आधीच मत घेतलं, चारांतल्या जवळपास तिघांनी नाही म्हटलं, विषय संपला. दोन्हीकडची माणसं काही वेगळ्या मातीची नव्हती. एका ठिकाणी कल्पनेवर मत मागितलं, दुसऱ्या ठिकाणी अनुभवावर. स्टॉकहोममध्ये सत्तेनं आपल्याच निर्णयावर मुदत घातली आणि मग न्यायाला बसायचा अधिकार लोकांना दिला. आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते हे. शुल्काचा आकडा दुय्यम.

तरी त्या मतदानातली एक गोष्ट गौरवगीतांतून गळते. आसपासच्या चौदा नगरपालिकांनीही मत घेतलं होतं, आणि तिथलं एकूण बहुमत विरोधात गेलं. शहरातला माणूस हो म्हणाला, शहरात रोज गाडीनं येणारा नाही म्हणाला. मग लोक कोण? हा प्रश्न स्वीडनलाही सुटला नाही, सरकारनं शहराचं ऐकलं इतकंच.

पुण्यात याच सुमारास, डिसेंबर २००६ मध्ये, कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली. बसला वेगळी मार्गिका देणारा देशातला तो पहिला प्रयोग. 'प्रयोग' हा शब्द होता, पण प्रयोगाला जी मुदत, जी मोजणी, जो निकाल लागतो, तो नागरिकांपुढं कधी ठेवला गेला नाही. अर्धवट मार्गिका, मग डागडुजी, मग २०१५ मध्ये दुसऱ्या मार्गांवर नव्यानं सुरुवात, आणि अलीकडं नगर रस्त्यावरची उखडून टाकणं. बांधताना लोकांना विचारलं नाही आणि उखडतानाही नाही. त्यात मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढं कित्येक वर्षं शहर प्रशासकाच्या हाती. ज्या काळात निवडून आलेला माणूसच नाही, त्या काळात लोकांचा पाठिंबा आहे की नाही हे कोण कुणाला सांगत होतं?

महाराष्ट्रात मोटारीशिवाय चालणारं एक गाव पहिल्यापासून आहे, त्याकडे बघितल्याशिवाय हे बोलणं पुरं होणार नाही. माथेरान. दस्तुरी नाक्याच्या पुढं मोटार जात नाही. २००३ मध्ये केंद्र सरकारनं तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. मोटारमुक्त शहराच्या गोष्टी सांगणारे माथेरानचं नाव कौतुकानं घेतात. तिथली हवा, तिथली लाल माती, शांतता, सगळं खरं आहे. पण मोटार गेली म्हणून ओझं गेलं नव्हतं. ते माणूस ओढत होता. हातरिक्षात बसलेला एक माणूस आणि चढावर ती ओढणारी दुसरी माणसं, हे दृश्य तिथं आपल्या काळापर्यंत चालू राहिलं. शाळेत जाणारी मुलं, आजारी माणसं यांच्यासाठी ई-रिक्षा मिळावी म्हणून न्यायालयात जावं लागलं, २०२२ मध्ये प्रायोगिक परवानगी मिळाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिला, माणसाच्या प्रतिष्ठेला ती शोभत नाही म्हणून. ई-रिक्षाला तिथं विरोधही झाला, गावाचं वैशिष्ट्य जाईल म्हणून. वैशिष्ट्य कुणाच्या खांद्यावर उभं आहे, हे मात्र त्या वादात पाहुण्यांच्या ध्यानात येत नसे. मोटारी कमी करा म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांना हे उदाहरण पचवावंच लागेल. गाडी काढली की तिचं काम कोण करणार, हे उत्तर आधी तयार पाहिजे. गुडघे गेलेला माणूस, डायलिसिसचा पेशंट, अपंग, यांना आत आणणारी बस किंवा ऑटो चालूच राहिली पाहिजे.

आता आपल्याकडे या. नांदेडच्या मध्यभागात रोज कोण येतं? लोहा, कंधार, मुदखेडकडून एसटीनं उतरणारा माणूस. मोंढ्यात, कोर्टात, दवाखान्यात, कपड्याच्या दुकानात त्याचं काम असतं. तो पायी हिंडतो. गुरुद्वाऱ्याला देशभरातून यात्रेकरू येतात, स्टेशनवर उतरतात, तेही बरेचसे पायीच. यांतल्या कुणाला महापालिकेत मत नाही. यांना विचारल्याशिवाय 'नांदेडकरांचा विरोध आहे' असं म्हणणं म्हणजे घरात पंगत बसली असता फक्त यजमानाला भूक आहे का विचारण्यासारखं. २००८ च्या गुरुतागद्दी सोहळ्याआधी केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेत नांदेड आलं. रस्ते रुंद झाले, चांगले फुटपाथ आणि सायकलींचे मार्गही आखले गेले. त्यांवर आज काय उभं असतं ते जाताना बघत जा.

आणि आपण विष्णुपुरीकर स्वतःला साळसूद समजू नये. विद्यापीठ, वैद्यकीय महाविद्यालय, अभियांत्रिकी, सगळं शहराबाहेर इथं. ज्या संस्था शहरात चालत गाठता आल्या असत्या, त्यांच्यापर्यंत यायला आता प्रत्येकाला चाक लागतं. विद्यार्थी शेअर ऑटोत दाटीवाटीनं येतात, प्राध्यापक मोटारीत एकेकटे. संध्याकाळी याच मोटारी वजिराबादेत जागा शोधत फिरतात, आणि त्यांच्यात बसलेली माणसं शहरात फार गर्दी झाली म्हणून वैतागलेली असतात.

दुकानदाराचा आक्षेप राहिला. आमचं गिऱ्हाईक गाडीनं येतं, गाडी थांबवली तर धंदा बसेल. लातूरच्या गंजगोलाईत कुणालाही विचारा, हेच उत्तर येईल. सोळा रस्ते एका गोल बाजारात मिळतात, १९१७ च्या सुमाराची ती रचना. बाजार पायी माणूस आणि बैलगाडी धरून आखलेला, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या चालला. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही, पोटाचा आहे. पण तो तपासता येतो. इंग्लंडात ब्रिस्टलमध्ये २००६ साली तपासला. दुकानदारांना वाटत होतं, शंभरांतली एक्केचाळीस गिऱ्हाइकं मोटारीनं येतात. मोजली तेव्हा बावीस निघाली. नांदेडचा आकडा याहून वेगळा असेल, असू दे. इथला मोजायला कुठं परवानगी लागते?

तेव्हा आमची मागणी लहान आहे. वजिराबादेतला एकच रस्ता घ्या. चारचाकी सहा महिने बाहेर, ऑटो आणि बस आत, दुचाकीला टोकाला जागा, हातगाड्यांच्या जागा आखून दिलेल्या. संपण्याची तारीख पहिल्याच फलकावर लिहा. सुरू करण्याआधी एक आठवडा आणि नंतर एक आठवडा माणसं मोजा, दुकानाच्या दारात किती येतात तेही. त्यानंतर मत घ्या. क्षेत्रसभेची तरतूद २००९ पासून राज्याच्या कायद्यात आहे, खेड्यातली ग्रामसभा जशी तशी शहराची. ती एकदा तरी भरवा. आणि मतपेटीची दुसरी एक प्रत एसटी स्टँडवर ठेवा, बाहेरगावच्यांसाठी. तिला कायद्यात किंमत नसेल, तरी आकडा वेगळा मोजून बाजूला लिहून ठेवायचा. मोजायला विद्यापीठातली मुलं येतील, समाजशास्त्राच्या विभागाशी आमचं तसं बोलणं झालं आहे. प्रश्नावली मराठीत, हिंदीत, उर्दूत आणि पंजाबीत हवी. पहिला प्रश्न असा ठेवायचा ठरला आहे: आज तुम्ही इथं कशानं आलात?